रानातल्या रात्रीसाठी टॉर्च: दुकानात काय बघायचं, काळ्या मातीत काय तपासायचं

दुकानदार टॉर्च दाखवताना समोरच्या भिंतीवर मारतो. भिंत पांढरी, अंतर आठ-दहा फूट, वर ट्यूबलाईट चालू. तिथं दीडशे रुपयांची टॉर्चसुद्धा डोळे दिपवते. तीच टॉर्च नांगरट केलेल्या काळ्या रानात नेली की उजेड ढेकळांत जिरून जातो. आपल्याला वस्तू दिसते ती तिच्यावरून परत आलेल्या उजेडामुळं, आणि काळी माती, त्यातही भिजलेली, फार थोडा उजेड परत पाठवते. मराठवाड्यात टॉर्च पारखायची तर मग भिंतीवरचा झगमगाट सोडून द्यावा. ओल्या सरीत पावलापुढं काय दिसतं ते बघावं, आणि तेही टॉर्च पेटवल्या पेटवल्या नव्हे, अर्ध्या तासानं.

आधी काम ठरवा

शेतीपंपाची थ्री फेज लाईट वर्षानुवर्षं आलटून-पालटून मिळत आली: एका पाळीला दिवसा आठ तास, दुसऱ्या पाळीला रात्री दहा तास. सौर फीडरमुळं, म्हणजे सौर प्रकल्पातून शेतीपंपांना वीज देणाऱ्या वाहिनीमुळं, काही गावांत दिवसाची लाईट आली, तरी रात्री मोटर चालू करायला जाणं, दारं धरणं (पिकाला पाणी देणं) आणि हरभऱ्यावर जागल करणं (रात्री राखण करणं) संपलेलं नाही. ही तिन्ही कामं रात्रीचीच, पण प्रत्येकाला उजेड वेगळा लागतो.

दारं धरताना नजर पायापासून पंधरा-वीस फुटांत फिरते. तिथं पसरट, मऊ, सगळीकडं सारखा पडणारा उजेड हवा. शंभर-दीडशे लुमेन (हे उजेडाचं माप, पुढं सांगतो) पुष्कळ झाले. मधोमध झगझगीत ठिपका आणि बाजूला काळोख असा झोत इथं घातक, कारण पाण्याच्या फुटलेल्या दांडापेक्षा मोठी धास्ती घोणस आणि मण्यारीची. मण्यार रात्रीच हिंडते. घोणस पाचटात, गवतात निपचित पडून राहते आणि बऱ्याचदा झोताच्या मधोमध नसून कडेला असते. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशानं वर्षाला सरासरी 58 हजार माणसं दगावल्याचा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला आहे. हे मृत्यू मुख्यतः खेड्यापाड्यांतले. म्हणून पायापुढच्या उजेडाला मी सगळ्यात जास्त गुण देतो.

जागलीला उलट गरज. आखाड्यावरून (रानातल्या खोपीवरून) धुऱ्यापलीकडं, म्हणजे बांधापलीकडं, रानडुकरं शिरलीत की रोही (नीलगाय), हे ओळखायला लांब फेकणारा अरुंद झोत लागतो. यात एक गंमत आहे. टॉर्च डोळ्याच्या उंचीला, कानशिलाजवळ धरली तर जनावरांचे डोळे चमकलेले लांबूनही दिसतात. कमरेला धरली तर तितके दिसत नाहीत. गवतात हिरवट-पांढरे बारीक ठिपके चमकले तर दचकू नका, ते बहुतेक कोळ्यांचे डोळे असतात. सापाचे डोळे मात्र असे चमकत नाहीत, म्हणजे चमक दिसली नाही याचा अर्थ साप नाही असा होत नाही.

तिसरं काम भटकंतीचं. देवगिरी किल्ल्यातल्या अंधारीसारख्या वळणावळणाच्या, अरुंद, दगडी वाटेत लांब झोताचा उपयोग शून्य. समोरच्या दगडावर आपटून तो आपल्याच डोळ्यांत येतो. बालाघाटाच्या डोंगररांगांत किंवा गौताळा अभयारण्याच्या बाजूला मुक्काम करणाऱ्यांनीही आधी पसरट उजेड बघावा, लांबचा नंतर.

एकाच टॉर्चमध्ये दोन्ही येतात का? येतात, पण दोन्ही मध्यमच. पुढचा भाग मागंपुढं सरकवून झोत बारीक-मोठा करणाऱ्या झूमच्या टॉर्च बाजारात ढिगानं आहेत. बारीक केल्यावर त्यातला बराच उजेड वाया जातो. शिवाय सरकता भाग दर वेळी हवा आत ओढतो आणि तिच्यासोबत मळणीची धूळ व पाणीही. धुळीच्या रानासाठी मी झूमची टॉर्च सुचवत नाही.

डब्यावरचे आकडे आणि थोडं गणित

चांगल्या कंपन्या 2009 साली आलेल्या एफएल-1 या अमेरिकन मानकाप्रमाणं मोजलेले आकडे छापतात. ते आकडे खोटे नसतात, पण त्यांचा अर्थ माहीत नसला तर फसगत होते.

लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो पेटवल्यावर 30 सेकंद ते 2 मिनिटांच्या दरम्यान मोजतात. पाचव्या मिनिटाला तो अर्ध्यावर आला तरी डब्यावरचा आकडा नियमानं खराच. चालण्याचा वेळ, म्हणजे रनटाईम, उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत मोजतात. त्यामुळं ‘1000 लुमेन, 6 तास’ असं लिहिलं असेल तर त्यातले पाच तास कदाचित दोनशे लुमेनवर गेलेले असतील. अंतराचा आकडा तर आणखी उदार असतो. झोताच्या मध्यावर 0.25 लक्स (लक्स म्हणजे वस्तूवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उरतो तिथपर्यंतचं अंतर ते छापतात, आणि 0.25 लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. तेवढ्या उजेडात लांबवर काहीतरी आहे इतकं कळतं, पण ते वासरू आहे की डुक्कर हे कळत नाही. काळ्या रानासाठी मी छापील अंतराचा एक तृतीयांश धरतो. 300 मीटर लिहिलं असेल तर कामाचे शंभर.

झोताची तीव्रता कँडेलामध्ये देतात. तिचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की ते छापील अंतर निघतं. 10,000 कँडेला म्हणजे 200 मीटर आणि 40,000 म्हणजे 400. अंतर दुप्पट व्हायला तीव्रता चौपट लागते, तेव्हा ‘दुप्पट पॉवर’ ऐकून दुप्पट लांब दिसेल अशी आशा धरू नये.

आता खोटे आकडे. टॉर्चमध्ये बहुधा 18650 नावाचा लिथियम सेल असतो: 18 मिलिमीटर जाड, 65 लांब. आजचा चांगल्यातला चांगला 18650 सेल साधारण 3500 एमएएचच्या (एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज साठते त्याचं माप) आसपास थांबतो. थोडा मोठा 21700 सेल पाच हजारांच्या आसपास. 18650 वर 9900 एमएएच छापलेलं दिसलं की तो सेल खाली ठेवावा, पुढं बोलायचंच नाही.

घरी करता येईल असा हिशेब असा: 3000 एमएएच गुणिले 3.6 व्होल्ट म्हणजे 10.8 वॅट-तास. एलईडी आणि आतलं सर्किट मिळून एका वॅटला ढोबळ शंभर लुमेन देतात, उत्तम असेल तर थोडे अधिक. म्हणजे अशा एका सेलमध्ये हजार-अकराशे ‘लुमेन-तास’ साठतात. हजार लुमेननं एक तास जाळा, नाहीतर शंभर लुमेननं दहा तास. एका सेलवर ‘10,000 लुमेन, 8 तास’ म्हणणाऱ्या डब्याला ते खरं करायला सत्तरहून जास्त सेल लागतील. दहा तासांची अख्खी रात्रपाळी दीडशे लुमेननं काढायची तर पंधराशे लुमेन-तास हवेत. ते 5000 एमएएचच्या 21700 सेलमध्ये बसतात. माझ्या मते दारं धरणाऱ्यानं हाच सेल असलेली टॉर्च बघावी.

पाण्यासाठी आयपी क्रमांक असतो. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपीएक्स4 म्हणजे चहूबाजूंनी उडणाऱ्या पाण्यापासून बचाव, आयपीएक्स7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पहिल्या अंकाच्या जागी एक्स असला की धुळीची चाचणी सांगितलेलीच नाही असं समजावं. आपल्याकडं पावसाइतकीच धूळ, त्यामुळं आयपी68 किंवा निदान आयपी65 लिहिलेलं बरं. नुसतं ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाला काही वजन नाही.

दुकानात हातात घेतल्यावर

बटण आधी. हात चिखलानं बरबटलेला असताना, अंधारात, न बघता ते सापडतं का? डोळे मिटून चारदा पेटवून बघा. एका दाबात थेट कामाचा उजेड यायला हवा. काही टॉर्चमध्ये प्रत्येक दाबाला मोड बदलतो: मोठा, मध्यम, बारीक, लुकलुक, एसओएस (मदतीची खूण). पायाखाली सळसळ झाली असताना टॉर्च लुकलुकायला लागली तर काय उपयोग? लुकलुकणारे मोड लपवून ठेवलेले असावेत आणि शेवटचा वापरलेला मोड टॉर्चनं लक्षात ठेवावा.

मग मागचं झाकण काढा. आटे जाड, गुळगुळीत असावेत. त्यांच्या मुळाशी रबरी कडं असावं, दोन असतील तर उत्तम. आटे रंगलेले, म्हणजे अॅनोडाईज केलेले असतील तर झाकण पाव फेरा सैल केल्यावर सर्किट तुटतं आणि पिशवीत टॉर्च आपोआप पेटत नाही. आतली स्प्रिंग दाबून बघा. टॉर्च हातावर आपटल्यावर उजेड क्षणभर जरी गेला तरी ती घेऊ नका.

सेल वेगळा निघत असेल तर किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. अस्सल 18650 साधारण 45 ते 50 ग्रॅम भरतो. तीस ग्रॅमचा निघाला तर आत कमी माल आहे. सेलवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि आयएस 16046 हा क्रमांक आहे का तेही बघा. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा सेलना ही नोंदणी सक्तीची आहे.

मोबाईलचा कॅमेरा चालू करून टॉर्चच्या मध्यम आणि बारीक उजेडाकडं धरा. पडद्यावर काळे पट्टे पळताना दिसले तर उजेड भरभर चालू-बंद होत असतो. काहींना त्यानं डोकं दुखतं, काहींना कळतही नाही. हा माझ्या लेखी लहान दोष आहे.

चार्जिंगचा टाईप-सी सॉकेट असला तर एक प्रश्न विचाराच: दोन्ही टोकांना टाईप-सी असलेल्या केबलनं ती चार्ज होते का? पुष्कळ स्वस्त टॉर्च होत नाहीत, कारण कंपनीनं आतले दोन छोटे रेझिस्टर वाचवलेले असतात. मग मोबाईलचा नवा चार्जर असूनही जुनी केबल शोधत बसावं लागतं.

बॉडी ॲल्युमिनियमची की प्लास्टिकची, यावर लोक फार वाद घालतात. ॲल्युमिनियम उष्णता बाहेर टाकतं, म्हणून जास्त लुमेनच्या टॉर्चला तेच हवं. पण स्टार्टरची पेटी उघडून ओल्या हातानं आत उजेड दाखवायचा असेल तर धातूची टॉर्च उघड्या तारांजवळ नेऊच नये. त्या कामासाठी प्लास्टिकची साधी टॉर्च पेटीपाशी खुंटीला टांगलेली असावी. डीपीवरचा (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) फ्यूज हा तर लाईनमनचाच विषय आहे, तिथं टॉर्च कोणतीही असो.

घरी: पहिली रात्र

पूर्ण चार्ज करा. चार्जिंग चालू असताना टॉर्च कोमट होणं ठीक, हात ठेववत नसेल तर लगेच काढा. मग अंधाऱ्या खोलीत टॉर्च छताकडं तोंड करून उभी करा, मोबाईल थोड्या अंतरावर एका जागी ठेवा, लक्स मोजणारं ॲप चालू करा. 30 सेकंदांना, 5 मिनिटांना, अर्ध्या तासाला आणि तासाला आकडा लिहा. मोबाईल आणि टॉर्च जागची हलवू नका, पंखा बंद ठेवा. आकडा किती आला याला अर्थ नाही, तो कसा उतरतो याला आहे. समजा 80 वरून पाचव्या मिनिटाला 45 आणि नंतर तासभर 40 राहिला, तर ती टॉर्च प्रामाणिक आहे. तिची खरी ताकद डब्यावरच्या निम्मी धरा आणि तेवढी पुरते का बघा. 80, 60, 35, 15 असा सतत घसरणारा आकडा असेल तर आतलं सर्किट सेल उतरेल तसा उजेड उतरू देतं आहे.

सेल पूर्ण संपेपर्यंत थांबाच, ही चाचणी बहुतेक लोक सोडून देतात. लिथियमवर चालणाऱ्या काही टॉर्च शेवटपर्यंत छान उजेड देतात आणि मग एकदम गप्प होतात. उसाच्या फडात मधोमध असताना ते परवडत नाही. चांगली टॉर्च आधी उजेड कमी करते, बटणाचा दिवा लाल करते किंवा दोनदा मिचकावते, आणि मग बारीक उजेडावर अजून थोडा वेळ काढून देते.

लांब झोताची टॉर्च असेल तर आणखी एक मापन. मोबाईल पाच मीटरवर उभा करा, झोताचा मध्य त्याच्या वरच्या सेन्सरवर पाडा, आलेल्या लक्सला 25 नं गुणा. 400 लक्स आले तर 10,000 कँडेला, म्हणजे छापील भाषेत 200 मीटर. मोबाईलचा सेन्सर काही प्रयोगशाळेतला नव्हे, पण डब्यावर 800 मीटर लिहिलं असेल तर थाप पकडायला तो पुरतो.

काळ्या रानातली परीक्षा

अमावस्येच्या जवळची किंवा चंद्र उगवण्याआधीची वेळ निवडा. सोबत एक माणूस घ्या. गावातल्या दिव्यांपासून लांब जा आणि दहा मिनिटं टॉर्च न पेटवता थांबा, डोळे अंधाराला सरावू द्या.

पहिली चाचणी पायापुढची. गड्याला सरीत वीस फुटांच्या आत सुंभाचा किंवा जुन्या दोरीचा तुकडा टाकायला सांगा, मातकट रंगाचा, आणि कुठं टाकला ते सांगू नका म्हणा. नेहमीच्या चालीनं चालत तो शोधा. मध्यम उजेडावर सापडला पाहिजे. इथंच पांढऱ्याशुभ्र, निळसर एलईडीची उणीव कळते. 6500 केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर) उजेडात तपकिरी दोरी, वाळलेलं पान आणि ढेकूळ सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसतं. 4000 ते 5000 केल्विनचा, किंचित पिवळसर एलईडी आणि रंग नीट दाखवणारा, म्हणजे सीआरआय 90 च्या पुढचा असेल तर लुमेन थोडे कमी पडले तरी मी तो घेईन.

टॉर्च कुठं धरली यानंही फरक पडतो. कपाळावरच्या टॉर्चमुळं फावडं धरायला दोन्ही हात मोकळे राहतात, ही तिची मोठी सोय. पण उजेड डोळ्यांच्याच रेषेतून गेल्यानं सावल्या दिसत नाहीत, खड्डा आणि सपाटी सारखीच भासते. पावसाळ्यात पाखरं तोंडावर येतात ते वेगळंच. हातातली टॉर्च कमरेखाली धरली की प्रत्येक ढेकळाची सावली लांब पडते आणि दोरी उठून दिसते. पट्ट्याला किंवा खिशाला अडकणारी, काटकोनात वळलेल्या तोंडाची टॉर्च या दोन्हींतला मध्य साधते. दारं धरणाऱ्यांनी ती जरूर बघावी.

दुसरी चाचणी लांबची. सोबत्याला काळी घोंगडी पांघरून पावलं मोजत लांब जायला सांगा. पांढरा सदरा किंवा कडब्याची पेंढी नको, त्या कुठल्याही उजेडात चमकतात. घोंगडीतला माणूस उभा आहे की बसला, हे जिथपर्यंत सांगता येतं तेवढाच त्या टॉर्चचा पल्ला. झोत थेट त्याच्या डोळ्यांवर मारू नका, बिचाऱ्याला परतीची वाट दिसणार नाही.

शक्य असेल तर मळणीच्या धुळीत किंवा हिवाळ्यातल्या धुक्यातही एकदा पेटवा. पसरट उजेड डोळ्यांपुढं पांढरा पडदा उभा करतो. टॉर्च खाली, शरीरापासून लांब धरली की तो पडदा विरळ होतो.

पाणी, पडझड आणि मे महिना

पाण्याच्या चाचणीत सेल बाहेर काढून त्याच्या जागी टिश्यू पेपरची घट्ट गुंडाळी घाला, झाकण लावा, सॉकेटची रबरी टोपी दाबा आणि हौदात किंवा टिपाडात अर्धा तास बुडवा. बाहेर काढून आधी वरून पुसा, मग उघडा. कागदाला ओल लागली नाही म्हणजे पास. हे आयपीएक्स7 किंवा आयपीएक्स8 लिहिलेल्या टॉर्चवरच करा. आयपीएक्स4 वाली फक्त नळाखाली धरा. सेल आत पक्का बसवलेला असेल तर काचेच्या आतून धुकं धरतं का ते बघावं.

आपल्याकडं टॉर्चचा खरा वैरी उन्हाळा आहे. लिथियम सेल 45 अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या आखाड्यात दुपारी पारा सहज त्याच्या वर जातो. मोटारसायकलच्या डिक्कीत त्याहून वाईट. चार्जिंग रात्री किंवा पहाटे करा, टॉर्च माठाच्या सावलीला ठेवा. उन्हाळ्यात मोठ्या उजेडावर ती लवकर मंद होते, तो बिघाड नसतो. तापलेली टॉर्च स्वतःला जपत असते.

रबरी कड्याला वर्षातून एक-दोनदा सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. खोबरेल किंवा गाडीचं ग्रीस नको, काही प्रकारचं रबर त्यानं फुगतं.

घरात अडीअडचणीला ठेवायची टॉर्च वेगळी असावी. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमाराला झाला. अशा वेळी रानातली टॉर्च आखाड्यावर असून भागत नाही. घरातली टॉर्च साध्या, गावात मिळणाऱ्या सेलवर चालणारी घ्या, आणि सेल गळून आत गंज धरला नाही ना, हे दर दिवाळीला उघडून बघा. 18650 तालुक्याला मिळेलच असं नाही, साधा सेल वाडीवरच्या टपरीतही मिळतो.

पाडून बघण्याची चाचणी सगळ्यात शेवटी ठेवा. एफएल-1 मध्ये किमान एक मीटरवरून काँक्रीटवर पाडतात, सेल आत ठेवून, वेगवेगळ्या बाजूंनी. डब्यावर तो आकडा छापलेला असेल तरच घरच्या कोब्यावर तेवढ्या उंचीवरून पाडा. छापलेला नसेल आणि काच फुटली, तर बिल दाखवूनही दुकानदार बदलून देणार नाही. बाकीच्या सगळ्या चाचण्या मात्र बदलीची मुदत संपायच्या आत उरका, आणि डबा तोपर्यंत फेकू नका.